तपकिरी गोळ्यांचा आठवडा

गेल्या महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. जेवणे आटोपून, ओटा पुसून ती गच्चीवर आली होती, हे फोनमध्ये घुमणाऱ्या वाऱ्यावरूनच कळत होते. घरात बसून बोलण्यासारखा हा विषय नव्हता. "ताई, या वेळी पाळी आलीच नाही म्हणायची. दोन दिवस नुसते डाग दिसले, तेही तपकिरी. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. आई म्हणतात, या गोळ्यांनी रक्त आत साठून राहतं, पिशवी साफ होत नाही. बंद करू का गोळ्या?"

पहिल्या मुलानंतर पाळणा लांबवायचा म्हणून तिने चार महिन्यांपूर्वी उपकेंद्रातून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे आणली होती. गोळी रोज रात्री घ्यायची, एवढे तिला नर्सबाईंनी नीट सांगितले होते. गोळीने पाळीचे काय होते, हे मात्र कोणीच सांगितले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी मीही याच गोळ्या घेत होते आणि तेव्हा मलाही कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री मी तिला जे सांगितले, ते जरा सविस्तर लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

सुरुवात पाकिटापासूनच करते. माला-एन किंवा माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांपैकी 21 पांढऱ्या आणि 7 तपकिरी. माला-एन सरकारी केंद्रात मोफत मिळते, माला-डी दुकानात अगदी कमी किमतीत मिळते. आतले औषध दोन्हींत सारखेच. प्रत्येक पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिऑल 0.03 मिलिग्रॅम असते. या दुसऱ्या औषधाची मात्रा जाड्या मिठाच्या एका कणाहूनही कमी भरेल, आणि तेवढ्यावर शरीराचे महिन्याचे सारे वेळापत्रक बदलते. तपकिरी गोळ्यांत संप्रेरक, म्हणजे हार्मोन, अजिबात नसते, असते ते फक्त लोह. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता ही सोय विचारपूर्वक केलेली आहे, म्हणून त्या गोळ्या "नुसत्याच असतात" असे समजून टाकून देऊ नयेत. शिवाय त्या घेत राहिल्याने रोज रात्री गोळी घेण्याची सवय मोडत नाही आणि पुढचे पाकीट वेळेवर सुरू होते.

आता मूळ गोष्ट. गोळी न घेणाऱ्या बाईच्या शरीरात दर महिन्याला काय होते, हे कळल्याशिवाय गोळीने काय होते ते कळत नाही. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशयात एक बीज पिकू लागते, आणि ते पिकत असताना अंडाशयातून इस्ट्रोजेन पाझरते, ज्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होत जाते. मग एक दिवस एलएचची जोरदार लाट येते आणि बीज अंडाशयातून बाहेर पडते. बीज ज्या जागेतून सुटले, त्या जागी उरलेला भाग पुढचे सुमारे चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि अस्तराला गर्भ रुजण्याजोगे मऊ, रसरशीत ठेवतो. गर्भ राहिला नाही, तर तो भाग सुकतो, दोन्ही संप्रेरके एकदम खाली येतात, आणि त्यांच्या आधारावर उभे असलेले अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर पडते. ही पाळी. पाळी म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडणे नव्हे. ज्या पाहुण्याची तयारी केली होती तो आला नाही, म्हणून उचललेले अंथरूण म्हणजे पाळी.

गोळी हे चक्र सुरुवातीलाच थांबवते. पांढऱ्या गोळीतल्या त्या दोन औषधांच्या रूपाने रोज बाहेरून थोडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे औषध मिळू लागले की रक्तात पुरेशी संप्रेरके आहेत असे मेंदूला वाटते आणि तो पीयूषिकेला कामाला लावत नाही. बीज पिकत नाही, एलएचची लाट येत नाही, बीज सुटतच नाही. गोळीचे मुख्य काम हे. त्याखेरीज गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव इतका दाट आणि चिकट होतो की शुक्राणूंना त्यातून वर चढणे कठीण जाते, आणि आतले अस्तर पातळच राहते. रोज न चुकता गोळी घेतली तर वर्षभरात शंभरांतल्या एकीलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्षात माणसे विसरतात, आजारी पडतात, पाकीट संपून दोन दिवस जातात, म्हणून खऱ्या वापरात हे प्रमाण शंभरात सुमारे सात इतके धरतात.

मग तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात अंगावरून जाते ते काय असते? माझ्या जावेच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. 21 दिवस मिळणारे संप्रेरक बाविसाव्या दिवशी बंद होते. त्याचा आधार गेला की दोन-तीन दिवसांत गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि रक्तस्राव होतो. डॉक्टर त्याला विथड्रॉवल ब्लीडिंग म्हणतात. दिसायला ती पाळीच, पॅड तेवढेच लागते, कॅलेंडरवर पेन्सिलने खूणही आपण तशीच करतो. पण बीज सुटल्यानंतर येणारी ती पाळी नव्हे. औषध थांबवल्यामुळे येणारा तो रक्तस्राव असतो, आणि म्हणूनच तो इतका घड्याळाला बांधल्यासारखा येतो. "गोळ्यांनी माझी पाळी नियमित झाली" असे अनेक जणी म्हणतात. खरे पाहता नियमित झालेले असते ते पाकीट. ज्यांची पाळी मुळात अनियमित असते, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अनियमितपणाचे कारण पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा एक विकार) किंवा थायरॉइड असेल, तर गोळी चालू असेपर्यंत ते नुसते झाकलेले राहते.

एकवीस दिवसांत अस्तर जाड झालेलेच नसते, त्यामुळे सुटायलाही फारसे काही नसते. म्हणून गोळीवर रक्तस्राव कमी होतो, पाच दिवसांचा तीन दिवसांवर येतो, पोटातली कळ कमी होते, कारण ती कळ आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये याच अस्तरात तयार होतात. काही जणींना नुसते डाग दिसतात, आणि एखाद्या महिन्यात काहीच दिसत नाही. सासूबाईंची शंका मी समजू शकते; त्यांच्या पिढीला "अंगावरून साफ गेले" हेच तब्येत चांगली असल्याचे लक्षण म्हणून शिकवले गेले. पण साठायला आधी काही तयार व्हावे लागते. ज्या दुधावर सायच पातळ धरली, त्याचे भांडेभर लोणी निघणार नाही, आणि ते लोणी कुठे तरी दडून बसले आहे असेही कोणी म्हणणार नाही. गर्भाशयाचे तसेच आहे.

एकही गोळी चुकलेली नसेल आणि एखाद्या वेळी रक्तस्राव झाला नाही, तर पुढचे पाकीट ठरल्या दिवशी सुरू करावे. मधल्या गोळ्या चुकल्या असतील किंवा सलग दोन महिने काहीच दिसले नाही, तर गर्भधारणेची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावे. माझ्या जावेने तपासणी केली होती आणि तिच्या गोळ्या चुकल्या नव्हत्या. तिची काळजी तिथेच संपायला हवी होती.

मुळात हा सात दिवसांचा खंड आला कुठून, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत असे. त्याचे उत्तर वाचले तेव्हा मी काही वेळ हातातले काम सोडून बसून राहिले होते. 1950च्या दशकात अमेरिकेत शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी ही गोळी तयार करायला घेतली. त्यासाठी संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर यांनी पाठपुरावा केला आणि कॅथरिन मॅककॉर्मिक यांनी पैसा दिला. याच सँगर 1935च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या, आणि संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना गांधीजींनी तिथे नकारच दिला होता. पिंकस-रॉक यांच्या गोळीत खंड न ठेवताही काम झाले असते. पण महिन्याला रक्त दिसले नाही तर बायका घाबरतील, दिवस गेले असे समजतील, आणि दर महिन्याला काही दिसले तर हे सगळे नैसर्गिक वाटेल, असा विचार करून गोळ्या काही दिवस थांबवण्याची पद्धत ठरली. रॉक स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते आणि ही गोळी निसर्गाच्याच वाटेने जाते असे चर्चला पटेल, अशी त्यांना आशा होती. म्हणजे माझी जाऊ ज्या रक्ताच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, ते वैद्यकीय गरज म्हणून ठेवलेले नव्हते, मुख्यतः मनाच्या समाधानासाठी ठेवलेले होते. ब्रिटनमधील स्त्री-आरोग्य क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या संस्थेने 2019 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले, की सात दिवसांच्या या खंडाने आरोग्याला काही फायदा होत नाही. अमेरिकेत तर 2003 पासून सलग 84 दिवस संप्रेरकाच्या गोळ्या आणि मग एक आठवडा खंड, असे पाकीट मिळते. वर्षाला चारच वेळा रक्तस्राव, आणि रक्त कुठेही साठत नाही.

याच इतिहासाचा एक भाग सांगताना वाईट वाटते. 1956 मध्ये प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या गरीब वस्तीतल्या बायकांवर या गोळीची मोठी चाचणी झाली. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते, आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी या त्यांच्या तक्रारी फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. 1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोव्हिड गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध जवळजवळ 10 मिलिग्रॅम होते आणि इस्ट्रोजेनही आजच्या कितीतरी पट. आज आपण जी हलकी गोळी घेतो, तिच्यामागे त्या बायकांनी सोसलेले आहे.

आपल्याकडे या विषयावर मराठीतून मोकळेपणाने बोलायला सुरुवात त्याहूनही आधी झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्या लेखनापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे 1953 मध्ये गेले, तेव्हा गोळी बाजारात यायला सात वर्षे होती. इतक्या वर्षांनी एका बाईला आपल्या पाळीबद्दल विचारायला गच्चीवर जावे लागते, हे मला फार लागते.

आता माझ्या चुकीबद्दल लिहिते, कारण तीच चूक करणाऱ्या आणखी दोघी-तिघी मला नंतर भेटल्या. मी गोळ्या सुरू केल्या तेव्हा पहिल्या महिन्यात संकष्टीला गोळी घेतली नाही. उपवासाला औषध कशाला, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते, गडबडीत विसरले. तिसऱ्या दिवशी डाग दिसू लागले आणि मी घाबरून पाकीटच बाजूला ठेवले. दोन गोळ्या चुकल्यामुळे संप्रेरक खाली आले आणि अस्तर मध्येच सुटू लागले, एवढेच झाले होते. पण पाकीट बंद करून मी मला मिळणारे संरक्षणही घालवले. एक गोळी विसरली, तर आठवताच घ्यावी, मग एका दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालते. सलग दोन किंवा अधिक चुकल्या, तर शेवटची चुकलेली गोळी लगेच घेऊन पाकीट पुढे चालू ठेवावे आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा. त्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील, तर तपकिरी गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे. पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि त्या सुमारास संबंध आला असेल, तर संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीबद्दल विचारून घ्यावे. सगळ्यांत नाजूक जागा असते ती नव्या पाकिटाची सुरुवात, कारण खंड सात दिवसांहून लांबला की अंडाशयाला जाग येऊ लागते.

एकही गोळी न चुकताही पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग दिसू शकतात. नव्या मात्रेला अस्तर सरावायला तेवढा वेळ लागतो आणि बहुतेकींचे डाग आपोआप थांबतात. तीन महिन्यांनंतरही ते चालू राहिले, किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तपासून घ्यावे. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे गोळीचा जोर कमी करतात; अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. सर्दी-तापाच्या नेहमीच्या अँटिबायोटिकने तसे होत नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा हमखास होतो. गौरी-गणपती, घरचे लग्न, वारी, सत्यनारायण जवळ आला की औषधाच्या दुकानातून "पाळी पुढे ढकलायची गोळी" आणली जाते. ती गोळी वेगळी. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम असते. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन घेतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे औषध 1951 मध्ये मेक्सिको सिटीत लुईस मिरामोंटेस यांनी कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या हाताखाली प्रथम तयार केले, आणि गर्भनिरोधक गोळीच्या जन्मात त्याचा मोठा वाटा आहे. तरी अशा रीतीने काही दिवस घेतलेली ही गोळी गर्भ राहणे टाळत नाही. ज्या बाईला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तिने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. पाळी असताना गौरींपुढे जावे की नाही, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे, पण ते या लेखाचे काम नाही. माझे म्हणणे एवढेच, की चार घरांच्या सोयीसाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून गोळ्या गिळण्याची पाळी कोणावर येऊ नये. ज्या आधीच माला-एन घेत आहेत, त्यांना तर या वेगळ्या गोळीची गरजच नाही; डॉक्टरांना विचारून तपकिरी गोळ्या सोडून पुढचे पाकीट सुरू केले, की रक्तस्राव पुढे जातो.

तातडीची गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, ही संबंधानंतर 72 तासांच्या आत एकदाच घ्यायची असते. ती बीज सुटणे लांबवते, त्यामुळे त्या महिन्याची पाळी काही दिवस मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर तपासणी करावी. ही गोळी रोजच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

छाया या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण ती आपल्या देशात, लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पूर्वी ती सहेली या नावाने आली. तिच्यात ऑर्मेलॉक्सिफिन 30 मिलिग्रॅम असते आणि ते संप्रेरक नव्हे. ती बीज सुटणे थांबवत नाही. इस्ट्रोजेनचा गर्भाशयावरचा परिणाम अडवून अस्तराला गर्भ रुजण्याच्या तालात येऊ देत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. इथे पाळी खरी असते, पण ती लांबते, रक्तस्रावही कमी होतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत हे जास्त जाणवते. पाळी पंधरा दिवसांहून अधिक लांबली तर गर्भ नाही याची खात्री करून घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. माला-एन मात्र पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळावी.

सगळ्यांनाच माला-एन चालत नाही, आणि हे सांगितल्याशिवाय हा लेख वाचणाऱ्या कोणाच्याही हाती पाकीट देण्यास माझे मन धजणार नाही. रक्तदाब वाढलेला असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठत असेल, किंवा वय पस्तिशीपुढे असून धूम्रपान असेल, तर ही गोळी घेऊ नये. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला सुमारे दोघींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ती संख्या पाच ते सात होते. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून बराच मोठा असतो. एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, छातीत कळ, दम लागणे, अचानक दृष्टी अंधूक होणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दुसऱ्या बाजूला, गोळी घेणाऱ्यांमध्ये अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कमी आढळतो, आणि तो फायदा गोळी सोडल्यावरही बरीच वर्षे टिकतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो.

शेवटी जावेने तो प्रश्न विचारला, जो तिला खरे तर सुरुवातीलाच विचारायचा होता. "पण ताई, उद्या दुसरं मूल हवं असेल तर? पाळीच बंद पडली तर?" मी तिला सांगितले, की गोळी शरीरात साठून राहत नाही, थांबवल्यावर काही दिवसांतच औषध निघून जाते, पीयूषिका पुन्हा कामाला लागते, आणि बहुतेकींची पाळी तीन महिन्यांच्या आत पूर्वीसारखी येऊ लागते. पूर्वी तिची जशी होती, तशीच. पहिल्याच महिन्यात दिवस राहू शकतात, म्हणून मूल हवे असेल तेव्हाच गोळी सोडायची.

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, "शेवटची तपकिरी गोळी आज घेतली. मग पांढरी कधीपासून?"

"उद्या रात्रीपासून," मी म्हटले. "आणि उपवास असला तरी घे."